वसईचा दुभाषी आणि क्योतोचा चहा

डोंगरीहून चौकच्या टेकडीवर गेलं की खाडीपलीकडे वसईचा किल्ला दिसतो. गावातलं कुणी जपानच्या ग्रुप टूरला निघालं, की मला आधी तो किनारा आठवतो. सोळाव्या शतकात तिथे जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया तरुणपणीच जपानला गेले, तिथली भाषा शिकले, काही काळ व्यापार केला आणि पुढे मनिलात फ्रान्सिस्कन बंधू झाले. १५९३ साली ते पुन्हा जपानला पोहोचले, ते फादर पेद्रो बाप्तिस्ता यांचे दुभाषी म्हणून. त्यांना भेटायचं होतं जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याला.

टूरवर हा हिदेयोशी भेटतो चहाच्या खोलीत. क्योतोमध्ये पर्यटकांसाठीचा चहाविधी साधारण तासाभरात आटोपतो. जेवणासह पूर्ण विधीला चारेक तास लागतात. तासाभराचा म्हणून त्याला कमी लेखू नये, कारण मूळ शिस्त त्यातही असते. आधी गोड खायचं, कारण मागून येणारा माचा कडवट असतो. चहाची हिरवी पूड गरम पाण्यात बांबूच्या घुसळणीने फेस येईपर्यंत घुसळतात. यजमान वाडग्याची देखणी बाजू पाहुण्याकडे करून देतो. पाहुण्याने ती कौतुकाने पाहायची आणि वाडगा थोडा फिरवूनच ओठाला लावायचा, म्हणजे त्या बाजूला उष्टं तोंड लागत नाही. आपल्याकडे उष्ट्याचा विचार घराघरांत आहे, त्यामुळे ही रीत समजायला आपल्याला वेळ लागू नये.

या विधीला आजचं रूप दिलं सेन नो रिक्यू यांनी. सोन्याने मढवलेल्या चहाखोलीची हौस असलेल्या हिदेयोशीच्या काळात ते दोन चटयांच्या मातीच्या खोलीत चहा करत. क्योतोजवळ यामाझाकीला त्यांची ‘ताइआन’ ही खोली अजून उभी आहे. तिचं दार जेमतेम दोन-अडीच फुटांचं. आत जायचं तर सामुराईलाही तलवार बाहेर ठेवून, वाकून, गुडघ्यांवर सरकत जावं लागे. १५९१ साली हिदेयोशीने याच रिक्यूंना पोट चिरून मरण्याचा हुकूम दिला.

सहा वर्षांनी त्याच माणसाच्या हुकुमावरून गोन्सालो आणि त्यांचे सोबती पकडले गेले. डाव्या कानाचा तुकडा कापून त्यांची क्योतो, ओसाका आणि रिक्यूंचं गाव साकाई इथे धिंड काढली. मग ऐन हिवाळ्यात नागासाकीपर्यंत पायी नेलं. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी निशिझाका टेकडीवर गोन्सालोंसह २६ जणांना क्रुसावर मारलं. गोन्सालोंना संतपद मिळालं १८६२ साली.

टोकियो, हाकोने, क्योतो, ओसाका या ठरलेल्या फेरीत नागासाकी बहुधा नसतं. मला ते फार खटकतं. आपल्या खाडीपलीकडचा माणूस जिथे शेवटचा चालत गेला, तिथे इथल्या माणसांनी जायलाच हवं. शिवाय जाणं अवघड राहिलेलं नाही: २०२२ पासून ताकेओ-ओन्सेन ते नागासाकी बुलेट ट्रेन सुरू आहे आणि निशिझाका टेकडी नागासाकी स्टेशनपासून चालत काही मिनिटांवर आहे. तिथे शिल्पकार फुनाकोशी यासुताके यांनी १९६२ साली घडवलेल्या २६ कांस्यमूर्ती एका रांगेत उभ्या आहेत. तेव्हा बुकिंगच्या वेळीच दोन दिवस वाढवून मागावेत. दहा-बाराजणांनी मिळून मागितलं, तर कंपनीलाही ऐकावं लागतं.

आणि नागासाकीत बेकरीसमोर थांबावं. तिथला प्रसिद्ध ‘कासुतेरा’ केक पोर्तुगिजांनी नेलेला. पावाला जपानीत म्हणतात ‘पान’. पोर्तुगिजांचा तोच शब्द आपल्या किनाऱ्यावर ‘पाव’ झाला. डोंगरीत सकाळी जो चहात बुडतो, तोच.