त्रिपुरी पौर्णिमेचा चंद्र

कार्तिक शुद्ध पौर्णिमेच्या पहाटे कोल्हापूरच्या पंचगंगा घाटावर जो दीपोत्सव होतो, त्याची कीर्ती आता सर्वदूर पसरली आहे. परंतु त्या गर्दीत पायरीवरच्या पणत्यांवरून नजर उचलून, नदीपलीकडे मावळतीला चाललेल्या पूर्णचंद्राकडे पाहणारी माणसे थोडीच असतात, आणि ज्याच्या तिथीला हा सारा सोहळा मांडला जातो त्याच्याकडेच पाठ व्हावी, ही गोष्ट मनाला लागल्याखेरीज राहत नाही.

आपल्या पूर्वजांनी हे पर्व आकाश पाहून ठरविले होते. सूर्यापासून चंद्र बारा अंश पुढे सरकला की एक तिथी सरते आणि पंधराव्या तिथीच्या अखेरीस तो १८० अंशांवर, म्हणजे सूर्याच्या अगदी समोर, येऊन ठाकतो. म्हणूनच पौर्णिमेला सूर्यास्ताच्या सुमारास पूर्वेला चंद्रोदय होतो आणि पहाटे चंद्र पश्चिमेला टेकतो तेव्हा पूर्व दिशा उजळू लागलेली असते. कार्तिकात हा चंद्र कृत्तिकांच्या आसपास असतो. या दिवसांत सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असल्यामुळे त्याच्या समोरचा पूर्णचंद्र उत्तरेकडच्या उंच मार्गाने जातो, आणि महाराष्ट्रात तर मध्यरात्री तो जवळजवळ डोक्यावर येत असल्याने अंगणात उभ्या राहिलेल्या माणसाची सावली त्याच्या पायांशी गोळा होते.

पुराणकथेचा धागाही याच कृत्तिकांपासून निघतो. सहा कृत्तिकांनी ज्याला दूध पाजून वाढविले त्या कार्तिकेयाने तारकासुराचा वध केला. पुढे तारकाक्ष, कमलाक्ष आणि विद्युन्माली या तारकाच्या तीन पुत्रांनी तप करून ब्रह्मदेवाकडून सोन्याचे, रुप्याचे आणि लोखंडाचे अशी तीन फिरती पुरे मिळविली, आणि सहस्र वर्षांनी ती तिन्ही एका रेषेत येतील तेव्हा जो एकाच बाणाने ती भेदील त्याच्याच हातून आपल्याला मरण यावे, असा वर मागून घेतला. शंकरांनी ते कार्य केले तेव्हा पृथ्वी त्यांचा रथ झाली, ब्रह्मदेव सारथी झाले, विष्णू बाण झाले आणि सूर्य-चंद्र त्या रथाची दोन चाके झाली. पौर्णिमेच्या सांजवेळी नदीकाठी उभे राहून एका क्षितिजावर बुडणारे आणि दुसऱ्या क्षितिजावर चढणारे बिंब ज्याने पाहिले असेल, त्याला ही चाकांची कल्पना कुठून आली असावी हे कोणी समजावून सांगायला नको.

या विजयाप्रीत्यर्थ देवळापुढच्या दीपमाळेवर त्रिपूर पाजळण्याचा शिरस्ता महाराष्ट्रात गावोगाव आहे, आणि एके काळी देवस्थानांच्या दिवाबत्तीसाठी जमिनी इनाम दिल्या जात, त्यामुळे तेलवातीची तजवीज दरसाल बिनबोभाट होत असे. घरोघरी साडेसातशे वातींचा जुडगा तुपात भिजवून लावतात. त्याची ज्योत पणतीसारखी इवलीशी न राहता चांगली वीतभर उठते, आणि लावणाऱ्या बाईला पदर सावरून मागे सरावे लागते. कोजागरीपासून चाललेले कार्तिकस्नान आणि काकडआरती याच दिवशी समाप्त होते, तुळशीची लग्ने लावण्याची मुदतही याच दिवशी सरते. आदल्या रात्रीच्या वैकुंठ चतुर्दशीला तर विष्णूला बेल आणि शिवाला तुळस वाहतात. दोन दैवतांचा असा सलोखा घडविणारी ही जोडतिथी मला साऱ्या वर्षात अधिक प्रिय आहे.

काशीत हाच दिवस देवदीपावली म्हणून साजरा होतो (आपल्याकडे देवदिवाळी त्यानंतर, मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला असते). तेथेही एक पंचगंगा घाट आहे, आणि त्या घाटावर अहिल्याबाई होळकरांनी उभारलेला हजारा दीपस्तंभ आहे. १७९५ साली अहिल्याबाई निवर्तल्या, तरी त्या स्तंभावर आजही या रात्री दिवे लागतात. काशीचे घाट पूर्वाभिमुख असल्यामुळे तेथे चंद्र संध्याकाळी पलीकडच्या वाळवंटावर उगवताना दिसतो, तर कोल्हापूरच्या घाटासमोर तो पहाटे मावळताना दिसतो. एकाच रात्रीच्या दोन टोकांना दोन पंचगंगा.

नदीकाठीच चंद्र का पाहावा, याला धार्मिक कारण स्नानाचे आणि दीपदानाचे आहे, पण डोळ्यांचे कारणही तितकेच खरे आहे. वाऱ्याने पाण्यावर उठणारी प्रत्येक लहर म्हणजे एक तिरका आरसा असतो, आणि जिचा उतार नेमका जुळतो तीच लहर आपल्याकडे प्रकाश वळविते. त्यामुळे चंद्र क्षितिजाजवळ असताना पाण्यावर उजेडाची एक लांबलचक वाट तयार होते आणि ती थेट पाहणाऱ्याच्या पायरीशी येऊन थांबते. दोन पायऱ्या सोडून बसलेल्या म्हातारीला तीच वाट स्वतःकडे आलेली दिसते. पाऊसकाळ सरून गढूळपणा खाली बसलेला, घाटाच्या पायऱ्यांवरचा पुराचा गाळ धुऊन काढलेला आणि हवेतले मळभ निवळलेले, असा हा कार्तिकच त्यासाठी उत्तम.

अलीकडे मात्र पणत्यांच्या जोडीला विजेचे प्रखर झोत, रंगीत रोषणाई आणि कर्णे आले आहेत, आणि या झोतांपुढे ती वाट पाण्यावर उमटतच नाही. तेलाच्या दिव्यांनी चांदण्याला कधी बाधा येत नाही, उलट त्यांची पिवळी प्रभा आणि चंद्राची शुभ्र प्रभा एकाच पाण्यात शेजारी नांदते. तेव्हा उत्सवाचा बंदोबस्त पाहणाऱ्या मंडळींना एवढीच विनंती करावीशी वाटते की, गर्दीच्या सुरक्षिततेपुरते चढउताराच्या वाटांवरचे दिवे ठेवून नदीकडे तोंड केलेले झोत तरी चंद्रास्ताच्या आधी अर्धा तास मालवावेत, आणि ध्वनिक्षेपकावरून एकदाच लोकांना पश्चिमेकडे पाहायला सांगावे.