कोंबडी हाताला येते ती कशी

मसुरे गावाकडे खळ्यात मोकळ्या फिरणाऱ्या कोंबड्यांबद्दल एक ठाम मत ऐकू येतं: गावठी कोंबडीला दाणा तेवढा कळतो, माणूस कळत नाही. हे खरं नाही. कोंबडी माणसामाणसांतला फरक ओळखते, हे प्रयोगांतही दिसलेलं आहे. रोज कणी टाकणारी काकी आणि पाठी लागणारा पोरगा तिच्या लेखी एक नसतात.

मग ती माणसाला बुजते ती कशामुळे? पिल्लू अंड्यातून आल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांत समोर हलणाऱ्या गोष्टीला आई मानतं. खुडूक कोंबडीखालची पिल्लं साहजिकच तिच्या मागे जातात, आणि ती ज्याला घाबरते त्याला पिल्लंही घाबरायला शिकतात. म्हणून पिल्लांना माणसाळवायचं तर आधी आईचा विश्वास कमवावा लागतो. माणसाचा हात लागला की आई पिल्लू टाकते, हाही गैरसमजच. टोचायला मात्र ती जरूर येते!

सगळ्यात जास्त त्रास होतो तो एका जुन्या समजुतीमुळे. पाय धरून उलटी केली की कोंबडी गप्प होते, म्हणजे तिला काही वाटत नाही, असं धरून चालतात. ते गप्प होणं भीतीचं असतं. शिकाऱ्याच्या तावडीत सापडल्यावर अंग निपचित पडतं, तोच प्रकार. शिवाय पक्ष्यांना आपल्यासारखं श्वासपटल नसतं. उलटं लटकवल्यावर आतड्यांचा भार हवेच्या पिशव्यांवर येतो आणि श्वास घेणं जड जातं. उचलायची तर एक तळवा छातीखाली, पाय बोटांमध्ये, दुसऱ्या हाताने पंख अंगाशी मिटलेले. सोडताना पाय जमिनीला टेकेपर्यंत हात काढू नये.

घार दिसली की कोंबडा एक लांब सूर काढतो आणि सगळ्या कोंबड्या झाडाखाली पळतात. कुत्रा-मांजर आल्यावर वेगळा, तुटक कलकलाट होतो. भीती वरून येते, हे कोंबडीच्या रक्तात आहे. त्यामुळे डोक्यावरून येणारा मायेचा हातसुद्धा तिला घारच वाटतो. म्हणून संध्याकाळी कोंबड्या खुराड्यात शिरण्याआधी आपण पायरीवर बसावं, कणी तळहातावर घेऊन हात जमिनीला टेकवावा आणि हलू नये. वाळवी मिळाली तर काम लवकर होतं. कोंबडी चोच मारून मागे सरली तर सरू द्यावी. तिला निघून जाता येतं, हे कळल्यावरच ती परत येते.

अंड्यावर आलेली तलंग आपण जवळ गेल्यावर पंख किंचित पसरून खाली बसते. त्याला लळा समजू नये; कोंबड्यापुढे बसावं तशी ती बसते. लाडात वाढवलेला कोंबडा गरीबच निघतो, असंही नाही. माणसाची भीती मोडलेला कोंबडा पुढे माणसालाच प्रतिस्पर्धी समजून पायाच्या नखीने मारू शकतो.

रात्री कोंबडीला फारसं दिसत नाही, म्हणून ती सहज हातात येते. उवा बघायला, औषध द्यायला ती वेळ चांगली. नंतर साबणाने हात धुवावेत आणि मुलांना तिचे मुके घेऊ देऊ नयेत. धडधाकट कोंबडीच्या विष्ठेतूनही जुलाबाचे जंतू पसरतात.