दर दोन तासांनी कूस

रात्रीचे आठ वाजून गेलेत. दुसऱ्या मजल्यावरच्या टेबलापाशी दिवसपाळीची मावशी चार्ज देतेय आणि रात्रपाळीची ताई खांद्यावरची पिशवी न उतरवताच ऐकतेय. "तीन नंबरनं दुपारी दोन घास खाल्ले, बाकीचं उशीखाली लपवलं होतं, चादर बदललीय. पाचला तीन दिवस संडास नाही, सकाळी सिस्टर एनिमा देणारेत. आठनं नाकातली नळी ओढली, नवीन टाकलीय, हात बांधून ठेवा. अकरा नवीन आहे, खुब्याचं ऑपरेशन झालंय, नातेवाईक थांबलेत."

अकरा नंबर म्हणजे माझी आत्या. नातेवाईक म्हणजे मी.

"माझ्या जोडीला कोण हाय?" ताई विचारते.

"कोणी नाही. तिचा आज खाडा आहे."

ताई काही बोलत नाही. पिशवी खुंटीला अडकवते, गुलाबी गाऊन चढवते आणि कमरेचा पट्टा आवळून घेते. पट्टा डॉक्टरांनी दिलेला आहे, गणवेशातला नाही.

पुण्याबाहेर, हायवेच्या थोडं अलीकडे असलेलं हे वृद्धांचं निवासस्थान दिसायला चांगलं आहे. खाली लॉबीत ग्रॅनाइट, भिंतीवर सणांच्या फोटोंची फ्रेम, मागे तुळशीचे वाफे आणि व्हीलचेअरसाठी उतार. आत्याच्या मुलानं अमेरिकेतून व्हिडिओ कॉलवर सगळं पाहिलं. जेवणाचा तक्ता मागवला, वाय-फाय आहे ना हे विचारलं, डॉक्टर किती वेळा येतात हेही विचारलं. रात्री एका मजल्यावर किती बायका असतात, हे त्यानं विचारलं नाही आणि मलाही सुचलं नाही. जागा बघायला गेलेलं माणूस जागाच बघतं.

आज या मजल्यावर अकरा आजी आहेत आणि त्यांना सांभाळायला एक ताई. सिस्टर तळमजल्यावर, तिन्ही मजल्यांना मिळून एकच.

ताई आठ नंबरपासून सुरू करते. पलंगाची डोक्याकडची बाजू हँडल फिरवून वर घेते. सिरिंजनं नळीतून थोडं ओढून बघते, पोटात मागचं फीड शिल्लक नाही ना याची खात्री करते, मग कोमट पातळ फीड सावकाश सोडते. वरून पाणी. "लगेच आडवं न्हाई करायचं," ती मला सांगते, "उलटी झाली तर फुप्फुसात जातं." अर्धा तास आजींना असंच टेकवून ठेवायचं. मग गॉजची पट्टी मनगटाला गुंडाळून दुसरं टोक पलंगाच्या दांडीला बांधते. गाठ सैल आहे, आत दोन बोटं जातात. तरीही मला बघवत नाही, आणि ते तिला कळतं. "न्हाई बांधला तर परत ओढतील, नाकातून रक्त येतं मॅडम. दोघी असतो तर एक हात धरून बसली असती."

तीन नंबरच्या आजी एव्हाना पदर नीट करून दारात उभ्या आहेत. पूर्वी शाळेत शिक्षिका होत्या, आता स्मृतिभ्रंश आहे. दिवस मावळला की त्यांना घरी जायचं असतं. "अहो कंडक्टर, माझी गाडी चुकेल." मी त्यांना समजवायला जाते, की आजी, तुम्ही इथंच राहता. त्या चिडतात, आवाज चढतो, सहा नंबरच्या जाग्या होतात. ताई हात पुसत येते. "शेवटची गाडी गेली की बाई. आता सकाळची सहाची. स्टँडवर थांबण्यापेक्षा इथं पडा, मी उठवते." आजी घड्याळाकडे बघतात, "नक्की उठव हं," म्हणतात आणि जाऊन झोपतात. असल्या उत्तरांचं प्रशिक्षण तिला कुणी दिलं असेल असं वाटत नाही. निलंग्याकडच्या गावातून ती कामाला बायका पुरवणाऱ्या ब्युरोमार्फत आली, आठवडाभर एका जुन्या मावशीच्या मागे फिरली आणि कामाला लागली.

आता नऊ नंबर. वजन ऐंशी किलोच्या आसपास, पक्षाघातानं उजवी बाजू गेलेली. पलंगावर हवेची गादी आहे. तिचे कप्पे आळीपाळीनं फुगतात, पंप घरघरतो. गादी असली तरी कूस बदलावीच लागते. एकाच जागी हाडाखाली दाब राहिला की तिथलं रक्त थांबतं, कातडी आधी लाल होते, मग फाटते. म्हणून दर दोन तासांनी डावी, पाठ, उजवी. ताई आजींच्या खाली आडवी अंथरलेली जुनी नऊवारीची घडी दोन्ही मुठींत धरते, गुडघा पलंगाच्या कडेला टेकवते आणि ओढते. आजी हलत नाहीत. मी पलीकडून हात लावते. "ओढू नका, ढकला. घासलं की साल निघतं." दोघींनी मिळून आजी कुशीवर येतात. ताई पाठीखाली उशी सारते, दोन गुडघ्यांच्या मध्ये एक लहान उशी घालते, घोट्याखाली टॉवेलची गुंडाळी सरकवून टाच अधांतरी ठेवते. मग माकडहाडापाशी मोबाइलचा उजेड धरते. रुपयाएवढा लाल डाग दिसतो. त्यावर बोट दाबून उचलते. लाली तशीच, बोटाखाली पांढरी होत नाही.

"हे बघा. हे दोन दिवसांत फुटतंय." ती सिस्टरला फोन लावते. सिस्टर सकाळी बघते म्हणतात.

आपल्याकडे वृद्धांच्या सांभाळाचा 2007 चा कायदा आहे. आईवडिलांना टाकून देणाऱ्या मुलांना त्यात तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड लिहिलाय. निराधार वृद्धांसाठी प्रत्येक जिल्ह्यात किमान 150 जणांचा वृद्धाश्रम असावा, असंही आहे. राज्याचा 2017 चा दुकाने-आस्थापना कायदा झाला तेव्हा दिवसाला नऊ तास आणि आठवड्याला 48 ही कामाची मर्यादा घातली गेली, वर काम झालं तर दुप्पट दरानं पैसे. ताईची पाळी रात्री आठ ते सकाळी आठ आहे, आठवड्याची सुट्टी म्हणजे बिनपगारी खाडा. निवासस्थान म्हणतं ती आमची नाही, ब्युरोची. ब्युरो म्हणतं आम्ही फक्त काम मिळवून देतो. "ब्युरोला माझे दिवसाचे नऊशे मिळत्यात," ती सांगते, "माझ्या हातात साडेपाचशे."

साडेदहाला ती टेबलाशी बसून पोझिशन चार्ट भरते. दहा डावी, बारा उजवी, दोन पाठ, चार डावी, सहा उजवी. कूस बदलायच्या पाचही आजींचे रकाने एका बैठकीत पुरे होतात. पहाटे सहाची सही करून ती पेन ठेवते आणि माझ्याकडे बघते, पण ओशाळत नाही. मीच मनात हिशेब मांडते. डायपर आठ जणींना; नीट पुसून, कोरडं करून बदलायचा तर प्रत्येकी दहा मिनिटं. कूस पाच जणींची, एकटीनं प्रत्येकी सात-आठ मिनिटं. नळीचं फीड दोघींना. म्हणजे एक फेरी संपायला दोन तासांहून जास्त लागतात, तोवर दुसरीची वेळ होऊन गेलेली असते. मध्ये कुणी संडासला नेण्यासाठी बेल वाजवली, कुणी उठून चालायला लागलं, तर ते वेगळंच. हा चार्ट खरा भरता येण्यासारखा नाही. तो रोज पूर्ण सापडतो आणि वरचे त्यावर सही करतात, याचा दोष मला तिच्या पेनाला देववत नाही.

नऊ नंबरची कूस मात्र ती बाराला, दोनला आणि चारला न चुकता बदलते. त्यासाठी सात नंबरच्या आजी पहाटेपर्यंत ओल्या राहतात. कुणाला आधी आणि कुणाला नंतर, हे ती एकटी ठरवते आणि ठरवताना पुटपुटते, "सातची कातडी चांगलीय, निघंल."

साडेतीनला आत्या कण्हते. ताई तिच्या पायांमधली उशी सारखी करते. "पाय आत वळू द्यायचा न्हाई, खुबा निसटतो. हे तुम्हाला दवाखान्यात सांगितलं का?" सांगितलं नव्हतं.

सकाळी आठला दिवसपाळीची एकच बाई येते. दुसरीनं फोन बंद ठेवलाय. मॅनेजर वर येतात, सोबत एक जोडपं, त्यांना खोली बघायचीय. मॅनेजर खिडकीतून टेकडी दाखवतात. "अटेंडंट चोवीस तास असतो ना?" बाई विचारतात. "चोवीस तास, मॅडम. प्रत्येक मजल्यावर."

"एका माणसामागे किती पेशंट, ते विचारा," मी म्हणते. जोडपं माझ्याकडे वळतं, मॅनेजर हसून त्यांना जिन्याकडे घेऊन जातात आणि जाता जाता ताईला म्हणतात, "दुपारपर्यंत थांबशील का जरा?"

"थांबते. डबल लावा. मागच्या महिन्यातल्या दोन डबल अजून लागल्या न्हाईत, सर."

"लावतो गं, लावतो."

ती गाऊनच्या खिशातून छोटी डायरी काढते, आजची तारीख लिहिते आणि जिन्याच्या तोंडाशी जाऊन त्यांच्यापुढे धरते. "हितं सही करा."

मॅनेजर पेन शोधू लागतात. ताई आपलं पेन पुढे करते.