खाऱ्या पाण्याची माणसं : वायमियाचा राखणदार

आज जपानच्या त्सुगारू सामुद्रधुनीत उतरायचं ठरलं होतं. ते पुढच्या आठवड्यावर ढकलतो, कारण लोणी भापकरहून एक पत्र आलंय आणि त्याला उत्तर दिल्याशिवाय मला पुढं जाववत नाही. पुण्याच्या रोहन मोरेनं हवाईतला काइवीचा समुद्र पोहून पार केला, त्या लेखात एक ओळ होती : याच पाण्यात एडी आयकाऊ नाहीसा झाला. पत्र लिहिणारे शेतकरी आहेत, वयानं वडीलधारे. ते विचारतात, "हा एडी कोण? आमच्याकडं म्हण आहे, पोहणाराच बुडतो. याचंही तसंच झालं का?"

तसं झालं नाही. कसं झालं ते सांगायला आजचा सगळा लेख लागेल.

आधी पाणी पुन्हा डोळ्यांसमोर आणा. मोलोकाई आणि ओआहू या दोन बेटांमधला हा सुमारे ४२ किलोमीटरचा पट्टा. तळ सातशे मीटर खोल. ईशान्येचा वारा या दोन बेटांच्या फटीत चेपला जातो आणि दुप्पट जोमानं बाहेर पडतो. हा पट्टा पहिल्यांदा पोहून पार केला तो कियो नाकामानं, १९६१ साली, साडेपंधरा तासांत. रोहनला सतरा तासांहून जास्त वेळ लागला. नियम कडक : अंगावर साधा पोहण्याचा पोशाख, टोपी, गॉगल, आणि सोबतच्या होडीला हात लावायचा नाही. पण होडी सोबत असते. हे ध्यानात ठेवा, एडीच्या गोष्टीत तिचं नसणं फार महागात पडलं.

एडीचा जन्म ४ मे १९४६ चा, माउई बेटावरच्या काहुलुईचा. एकोणीसशे साठच्या उंबरठ्यावर आयकाऊ कुटुंब ओआहूला, होनोलुलूजवळच्या पाउओआ खोऱ्यात आलं. तिथं एक चिनी दफनभूमी होती. तिची निगा राखायची आणि त्या बदल्यात बिनभाड्यानं राहायचं, असा व्यवहार. पोरं थडग्यांभोवतीचं गवत कापत मोठी झाली. एडीनं सोळाव्या वर्षी शाळा सोडली आणि अननसाच्या कारखान्यात काम धरलं. सुट्टी मिळाली की लाटांवर स्वार व्हायची फळी घेऊन समुद्रावर. आपल्याकडच्या बऱ्याच घरांना ही गोष्ट अनोळखी वाटणार नाही, फक्त समुद्राच्या जागी विहीर घाला.

वायमियाची खाडी ओआहूच्या उत्तर किनाऱ्यावर आहे. तिथली लाट एवढी मोठी का, हे मला दर वेळी सांगावंसं वाटतं, आजही सांगतो. हिवाळ्यात अलास्काच्या बाजूला, अल्युशियन बेटांजवळ मोठी वादळं होतात. तिथं वाऱ्यानं उठवलेलं पाणी लांब उसळ्यांच्या रूपात दक्षिणेकडं निघतं. दोन उसळ्यांमध्ये पंधरा-अठरा सेकंदांचं अंतर असलं, तर ती सगळी झुंड ताशी पन्नासेक किलोमीटरनं सरकते आणि अडीच-तीन दिवसांत हवाईला पोचते. वादळ तिकडं विरून गेलेलं असतं, इथं आभाळ निरभ्र, आणि समुद्र मात्र भिंतीसारखा उभा राहतो.

आता आपला कोकण किनारा पाहा. मुंबईपासून आत शेकडो किलोमीटर समुद्राचा तळ उथळच राहतो. त्या तळावर घासत घासत लाटेची ताकद निघून जाते. हवाई हे ज्वालामुखीनं खोल समुद्रातून थेट वर काढलेलं बेट. त्याला असा उथळ पदर नाही. लाट शेवटच्या काही शे मीटरपर्यंत पूर्ण ताकदीनिशी येते आणि मग एकदम खडकावर चढून कोसळते. शिवाय हवाईचे लोक लाट मोजतात ती पाठीमागून. ते वीस फूट म्हणाले, की समोरून येणारी भिंत चाळीस फुटांची समजायची.

एडी या लाटेवर पहिल्यांदा उतरला तो नोव्हेंबर १९६७ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी. कुणाला माहीत नसलेला हा पोरगा त्या दिवशीच्या नामवंतांच्या पंक्तीत जाऊन बसला. फोटो छापून आले, नाव झालं. बहुतेक चरित्रं इथून लाटांच्या मागं धावत सुटतात. मला मात्र त्याच्या पुढच्या वर्षीची नोकरी जास्त मोलाची वाटते. १९६८ मध्ये होनोलुलूच्या नगर प्रशासनानं उत्तर किनाऱ्यावर पहिल्यांदाच जीवरक्षक नेमले. त्यांत एडी होता. पुढं वायमिया त्याच्याकडं आलं. या नोकरीत त्यानं जवळपास दहा वर्षं काढली.

त्या काळी पाण्यावर धावणारी मोटारगाडी, म्हणजे जेट-स्की, बचावाला नव्हती. ती या किनाऱ्यावर रुळायला पुढं वीसेक वर्षं जायची होती. एडीकडं होती ती त्याची लाटेवरची फळी आणि पायांत घालायचे पोहण्याचे पंख. एवढ्यावर त्यानं पाचशेहून जास्त माणसं बाहेर काढली असं सांगितलं जातं. आणि तो मनोऱ्यावर असताना वायमियात एकही जीव गेला नाही, हे तिथले लोक आजही अभिमानानं सांगतात.

या फळीबद्दल मला थोडं थांबायचंय. तिचा पहिला गाजलेला बचाव एडीचा नव्हे, ड्यूक काहानामोकूचा. हा ड्यूक म्हणजे १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमधला शंभर मीटर पोहण्यातला विजेता. १९२५ मध्ये कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ थेल्मा नावाची नौका लाटांनी उलटली. ड्यूक फळी घेऊन पुन्हा पुन्हा आत गेला आणि एकट्यानं आठ जण बाहेर आणले. तेव्हापासून जीवरक्षकांना फळीचं महत्त्व पटलं. कारण बुडणारा माणूस शुद्धीवर असतो, पण विचारात नसतो. हाताला जे लागेल त्यावर चढून तोंड वर काढणं एवढंच त्याचं शरीर जाणतं. ते जे काही हाताला लागतं ते वाचवायला आलेल्याचं डोकं असेल, तर दोघं जातात. पोहणाराच बुडतो, ही म्हण बहुधा अशाच प्रसंगांतून आली असावी. एडी स्वतःच्या आणि बुडणाऱ्याच्या मध्ये फळी घालायचा. आधी त्याला तिला मिठी मारू द्यायची, मग बोलायचं, मग ओढायचं.

दुसरी गोष्ट, बुडणारा ओरडत नाही. न्यूयॉर्कचे जीवरक्षक फ्रँक पिया यांनी हे चित्रीकरण करून दाखवून दिलं. माणूस पाण्यात उभा राहतो, डोकं मागं जातं, तोंड पाण्याच्या पातळीला वरखाली होतं, हात बाजूला पसरून पाणी खाली दाबत राहतात. श्वास घ्यायलाच वेळ पुरत नाही, हाक कुठून मारणार? हे सगळं मिनिटाच्या आत संपतं. म्हणून चांगला जीवरक्षक आवाजाची वाट पाहत नाही, तो डोकी मोजत बसतो.

आता लोणी भापकरच्या काकांसाठी. तुमच्या गावी मल्लिकार्जुन मंदिरापाशी पुष्करणी आहे. ज्यानं ती बांधली त्यानं पाण्यापर्यंत दगडी पायऱ्या उतरवल्या. पडलेल्याच्या पायाला कुठंतरी पायरी लागतेच. आज त्याच जिरायती पट्ट्यात शेततळी झाली आहेत आणि ती हवीतच, पण त्यांना प्लॅस्टिकचा कागद आहे, चारी बाजूंना उतार आहे. ओला कागद शेवाळला की त्यावर पाय ठरत नाही, पट्टीचा पोहणाराही काठापासून हातभर अंतरावर दमतो. एक बुडाला की दुसरा त्याला काढायला उडी घेतो, मग तिसरा. अशा बातम्या आपण दर उन्हाळ्यात वाचतो. त्यावर इलाज महाग नाही. काठाला पक्का खुंटा ठोकून ठिकठिकाणी गाठी मारलेला जाड दोर तळाकडं सोडून ठेवायचा, एकाच नव्हे तर चारही बाजूंना. शेजारी ट्रॅक्टरची हवा भरलेली ट्यूब, नाहीतर बूच घट्ट लावलेला रिकामा कॅन, दोराला बांधून. आधी ती फेकायची. उडी घ्यायचीच झाली तर ट्यूब पुढं धरून. वायमियात एडी हेच करत होता.

एडीच्या स्वभावातली राखणदारी जमिनीवरही दिसायची. १९७२ मध्ये स्पर्धेसाठी तो दक्षिण आफ्रिकेत डर्बनला गेला. वर्णद्वेषाचे कायदे होते, कातडीचा रंग पाहून हॉटेलानं त्याला जागा नाकारली. तिथल्या टॉमसन कुटुंबानं त्याला घरी नेलं. चार वर्षांनी फासे उलटे पडले. ऑस्ट्रेलियाच्या काही तरुण लाटवीरांनी हवाईत येऊन जिंकल्यावर मासिकांतून फुशारकी मारली. हवाईचे लोक संतापले. रॅबिट बार्थोलोम्यूला मारहाण झाली, तो आणि त्याचे सोबती हॉटेलच्या खोलीत दडून बसले. एडी तिथं गेला. त्यानं दोन्ही बाजूंना एका खोलीत बसवलं, आपल्या लोकांचा राग खरा आहे हे पाहुण्यांना ऐकवलं, आणि पाहुण्यांच्या अंगाला हात लागणार नाही हेही पाहिलं. डर्बनचा अपमान सोसलेल्या माणसानं हे करावं, याचं मला फार अप्रूप आहे. पुढच्याच वर्षी, १९७७ मध्ये, त्यानं ड्यूकच्या नावाची मानाची स्पर्धा जिंकली.

आणि मग काइवी.

होकुलेआ ही एकमेकींना जोडलेल्या दोन होड्यांची, सुमारे १९ मीटर लांबीची शिडाची नौका, जुन्या पॉलिनेशियन घडणीवर १९७५ मध्ये बांधलेली. १९७६ मध्ये मायक्रोनेशियाच्या माउ पियाइलुग यांनी एकही यंत्र न वापरता, तारे आणि उसळ्या वाचत ती ताहितीला नेली. हवाईच्या लोकांना आपले पूर्वज वाहत वाहत आले नव्हते, वाट जाणून आले होते, हे भान त्या सफरीनं परत दिलं. १९७८ च्या दुसऱ्या सफरीत एडीला जागा मिळाली. १६ मार्चच्या संध्याकाळी सोळा जण होनोलुलूहून निघाले. वारा जोराचा, समुद्र खवळलेला, आणि सोबत होडी नाही. जोडीतल्या एका होडीत पाणी शिरलं आणि मध्यरात्रीच्या सुमारास होकुलेआ उलटली. रात्रभर सगळे उपड्या नौकेला धरून राहिले. सकाळी वरून विमानं गेली, कुणाला दिसले नाहीत. नौका विमानांच्या वाटेपासून दूर वाहत चालली होती, माणसं गारठत होती.

एडीनं लानाई बेटाच्या दिशेनं फळीवरून जाऊन मदत आणायचं ठरवलं. अंतर वीस किलोमीटरच्या आसपास, किंवा जास्तच. सकाळी उशिरा तो निघाला. वल्हवताना अडतं म्हणून थोड्या अंतरावर त्यानं जीवरक्षक जाकीट काढून टाकलं. त्यानंतर तो कुणाला दिसला नाही. रात्री हवाईयन एअरलाइन्सच्या एका विमानातून होकुलेआचा पेटता बाण दिसला आणि तटरक्षक दलानं उरलेल्या सगळ्यांना वाचवलं. एडीचा शोध अनेक दिवस चालला. त्याची फळीदेखील सापडली नाही. तो एकतीस वर्षांचा होता.

तेव्हा काका, हा पोहणारा पोहण्याच्या हौसेनं बुडाला नाही. पंधरा जणांसाठी मदत आणायला निघाला होता. त्याच्या नावानं टी-शर्टवर आणि गाड्यांवर एक घोषणा मिरवते, की कुठल्याही लाटेत एडी गेला असता. ती वाचून तो बेफिकीर साहसी वाटतो. मला ते पटत नाही. दहा वर्षं त्याचं रोजचं काम लोकांना 'आज जाऊ नका' सांगण्याचं होतं.

होकुलेआ थांबली नाही. सोबतीची नौका ठेवण्याची शिस्त आली, तयारी कडक झाली. त्या उलटलेल्या नौकेवर असलेल्या नैनोआ थॉम्पसन यांनी १९८० मध्ये ताऱ्यांच्या आधारानं ती ताहितीला नेली आणि परत आणली. २०१७ मध्ये ती जगाला वळसा घालून होनोलुलूला पोचली.

वायमियात एडीच्या नावची स्पर्धा आहे. लाट पुरेशी मोठी नसेल तर ती त्या वर्षी होत नाही, म्हणून चाळीसेक वर्षांत मोजक्याच वेळा झाली. २२ जानेवारी २०२३ ला ती जिंकली ल्यूक शेपर्डसननं. तो वायमियाचाच जीवरक्षक आणि त्या दिवशी कामावर होता. आपली फेरी आली की परवानगी घेऊन पाण्यात जायचा, फेरी संपली की पुन्हा मनोऱ्यावर.

त्सुगारू पुढच्या आठवड्यात, नक्की. तिथल्या थंड प्रवाहाचा नकाशा काढून ठेवलाय. दरम्यान तुमच्या गावात शेततळ्याला दोर बांधण्याची एखादी चांगली रीत असेल तर कळवा, छापू.