राबणाऱ्या शरीराला आणि मनाला जपू या

परभणी जिल्ह्यात, पूर्णा-नांदेड रेल्वेमार्गावर चुडावा हे गाव आहे. अशा गावांतून आपली माणसे कापूस वेचतात, सोयाबीन काढतात. ‘दिवसभर राबतो, मग वेगळा व्यायाम कशाला?’ असे आपण म्हणतो. पण वाकून केलेल्या कामाने कंबर धरते. सकाळी थोडे चालून, हातपाय ताणून तिला सैल करावे लागते.

थकवा घालवायला दारूचा घोट घेतला, तर थकवा राहतोच, वर मजुरी जाते आणि घरात भांडण येते. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात दिलेल्या २२ प्रतिज्ञांत दारू न पिण्याचीही प्रतिज्ञा आहे. त्यांना स्वतःला मधुमेह होता. एवढ्या व्यापातही ते उतारवयात व्हायोलिन शिकले. मनालाही विसावा लागतो, हे आपण त्यांच्याकडून घ्यावे.

सुरुवात घरातून करू. ज्वारीची भाकरी, वरण, पालेभाजी हे आपले जेवण. परभणीच्या कृषी विद्यापीठाने तर ‘परभणी मोती’ ही ज्वारीची जात दिली. वड्या-भज्यांसाठी भाकरी सोडू नये. तिशीनंतर सरकारी दवाखान्यात रक्तदाब आणि साखर मोफत तपासून घ्यावी. रात्री जेवताना मोबाईल बाजूला ठेवून घरच्यांशी बोलावे. काळजीने झोप उडाली, तर १४४१६ या मोफत सरकारी क्रमांकावर मराठीत बोलता येते. त्यात लाज कसली?

तंबाखूची डबी या आठवड्यात एक दिवस घरीच ठेवू. दुसऱ्या आठवड्यात दोन दिवस.