विश्लेषण : सट्टेबाजी ॲपसाठी घरबसल्या लेखन… रोजगार की गुन्ह्यात सहभाग?

‘क्रिकेटची आवड आहे? मराठी, हिंदी, गुजराती लिहिता येते? घरबसल्या कमवा…’ अशा आशयाचे संदेश व्हॉट्सॲप आणि टेलिग्रामवर सर्रास फिरतात. डहाणू आणि तलासरी हा पालघर जिल्ह्याचा गुजरातला लागून असलेला पट्टा. येथील अनेक तरुणांना या तिन्ही भाषा येतात आणि शिक्षणानंतरचे पर्याय ठरलेले असतात : वापी, उंबरगाव किंवा बोईसरच्या कारखान्यातील पाळी, नाही तर डहाणू रोडहून मुंबईकडे जाणारी लोकल. त्यामुळे मोबाइलवर बसून लिहिण्याचे काम आकर्षक वाटणे स्वाभाविक आहे. मात्र या कामाचे पैसे ऑनलाइन जुगारातून येत असतील, तर लिहिणाऱ्याची जबाबदारी कुठवर पोहोचते? केंद्र सरकारच्या २०२५ च्या कायद्याच्या पार्श्वभूमीवर हे समजून घेणे गरजेचे आहे.

काम नेमके कसले असते?

सामन्याआधी संघ, खेळपट्टी आणि ‘आज कोण जिंकणार’ याचा अंदाज लिहायचा. एखाद्या ॲपचे ‘परीक्षण’ लिहायचे. पहिल्यांदा पैसे भरल्यावर बोनस कसा मिळतो, याची पायरीपायरीने माहिती द्यायची. परदेशी कंपनीचा इंग्रजी मजकूर मराठीत किंवा गुजरातीत आणायचा. वरवर पाहता हे क्रीडा लेखन किंवा अनुवाद वाटतो. फरक शेवटच्या ओळीत असतो. तेथे ॲपची लिंक किंवा ‘रेफरल कोड’ असतो. त्या कोडवरून कोणत्या लेखातून किती माणसे आली, त्यांनी किती पैसे भरले, याची नोंद कंपनीकडे होते.

मोबदला कशावर ठरतो?

मोबदल्याचे साधारण तीन प्रकार आहेत. पहिला शब्दांवर किंवा लेखावर. दुसरा माणशी : लिंकवरून आलेल्या व्यक्तीने खाते उघडून पैसे भरले की ठरावीक रक्कम. तिसरा प्रकार ‘रेव्हेन्यू शेअर’, म्हणजे उत्पन्नातील वाटा. कंपनीचे उत्पन्न म्हणजे खेळणाऱ्यांनी गमावलेला पैसा. समजा, एका लेखातून आलेल्या वाचकांनी महिन्यात एकूण १० हजार रुपये गमावले आणि करार ३० टक्क्यांचा असेल, तर खर्चवजावट न धरता लेखकाच्या वाट्याला तीन हजार रुपये येतात. वाचक जिंकले तर त्याला काही मिळत नाही. काही करारांत तो तोटा पुढच्या महिन्याच्या हिशेबातून वळता केला जातो. थोडक्यात, ज्या वाचकाला लेखक ‘खात्रीचा अंदाज’ देतो, तो वाचक हरण्यातच लेखकाचा फायदा असतो.

पूर्वीच्या जुगारापेक्षा हे वेगळे कसे?

मुंबईतील आकड्यांचा जुगार न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील दरांवर सुरू झाला. १९६० च्या दशकात कल्याणजी भगत आणि रतन खत्री यांनी मटक्याचे जाळे उभे केले. त्या जाळ्यातील खालच्या माणसाचे नाव ‘रायटर’ असेच होते. तो आकड्याची चिठ्ठी लिहून घेई आणि कमिशन मिळवी. पोलिसांच्या छाप्यात बहुधा तोच हाती लागे. महाराष्ट्रात आणि गुजरातमध्ये जुगाराविरुद्धचा कायदा मूळचा एकच, १८८७ चा मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा. तो प्रामुख्याने जुगाराचा अड्डा डोळ्यांसमोर ठेवून केलेला होता. मोबाइलवरील जुगाराला पत्ता नाही, त्यामुळे त्याला या कायद्याच्या चौकटीत बसवणे अवघड होते.

२०२५ चा कायदा काय सांगतो?

ऑनलाइन गेमिंगचे प्रोत्साहन आणि नियमन करणारे विधेयक २० ऑगस्ट २०२५ रोजी लोकसभेत आणि दुसऱ्या दिवशी राज्यसभेत मंजूर झाले. २२ ऑगस्टला राष्ट्रपतींनी त्यावर स्वाक्षरी केली. जिंकण्याच्या आशेने पैसे लावून खेळला जाणारा कोणताही ऑनलाइन खेळ, मग तो कौशल्याचा असो, नशिबाचा असो वा दोन्हींचा, या कायद्याने प्रतिबंधित ठरवला. असा खेळ उपलब्ध करून देणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. जाहिरातीसाठी दोन वर्षांपर्यंत कैद, ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. गुन्हा पुन्हा केल्यास शिक्षा वाढते. खेळणाऱ्याला मात्र या कायद्यात शिक्षा नाही. ऑनलाइन पैशांच्या खेळांमुळे सुमारे ४५ कोटी लोकांवर दुष्परिणाम झाला आणि २० हजार कोटींहून अधिक नुकसान झाले, असा अंदाज सरकारने विधेयकाच्या समर्थनार्थ मांडला होता.

या कायद्याला कंपन्यांनी उच्च न्यायालयांत आव्हान दिले. जुगार आणि सट्टा हा राज्यसूचीतील विषय असल्याने केंद्राला असा कायदा करता येतो का, हा त्यातील एक प्रमुख मुद्दा. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या याचिका स्वतःकडे वर्ग करून घेतल्या.

‘मी फक्त लिहिले’ हा बचाव टिकेल?

कायद्यातील जाहिरातीविषयीचे शब्द व्यापक आहेत. जाहिरात करणाऱ्याबरोबरच ती करवून घेणारा, तिला साह्य करणारा आणि तिच्या निर्मितीत अन्य प्रकारे सहभागी असणाराही त्यांत येतो. प्रोत्साहन प्रत्यक्ष असो वा अप्रत्यक्ष, माध्यम कोणतेही असो. त्यामुळे लिंकसह लिहिलेला ‘अंदाज’ बातमीच्या रूपात असला तरी तो जाहिरात ठरण्याचा धोका आहे. शब्दांवर पैसे घेतले म्हणूनही तो धोका टळत नाही.

इशारे त्याआधीपासूनच होते. सट्टेबाजी कंपन्या वृत्त संकेतस्थळांच्या नावाआडून जाहिरात करतात, असे माहिती व प्रसारण मंत्रालयाने ऑक्टोबर २०२२ मधील सूचनेत म्हटले होते. मार्च २०२४ मध्ये समाजमाध्यमांवरील प्रभावकांनाही अशा जाहिरातींपासून दूर राहण्यास सांगण्यात आले. प्रत्येक प्रकरणात लेखकाचा सहभाग किती, हे न्यायालय ठरवेल. पण परदेशात नोंदणी असलेल्या कंपनीपेक्षा तलासरीत बँक खाते असलेला लेखक तपास यंत्रणेला लवकर सापडतो.

दमण, गोव्यात चालते, मग येथे का नाही?

वापीच्या पुढे वळले की दमण येते, त्यामुळे या भागात हा प्रश्न हमखास विचारला जातो. गोवा, दमण आणि दीवसाठीच्या १९७६ च्या जुगारविषयक कायद्यात परवानाधारक कॅसिनोला वाव आहे. गोव्यात कॅसिनो त्याच आधारे चालतात. हा परवाना त्या ठरावीक जागेपुरता असतो. त्याच्या आधारे डहाणूतील मोबाइलवर सट्ट्याचे ॲप चालवता येत नाही आणि त्याची जाहिरातही करता येत नाही. महाराष्ट्रानेही १९७६ मध्येच कॅसिनोविषयक कायदा केला होता. तो कधीच अमलात आला नाही आणि २०२३ मध्ये तो रद्द करण्यात आला.

या उद्योगावर लिहूच नये का?

तसे नाही. जुगाराच्या उद्योगाविषयी लिहिणे आणि जुगारासाठी लिहिणे, यात फरक आहे. न्यायालयातील खटले, कंपन्यांचे आर्थिक व्यवहार, फसवणुकीच्या पद्धती, व्यसनाचे परिणाम यांवर वार्तांकन करणारे पत्रकार आणि संशोधक जगभर आहेत. कायद्याने ई-स्पोर्ट्स आणि पैसे न लावता खेळायचे सामाजिक खेळ यांना मान्यता दिली आहे, त्यामुळे त्यावरील लेखनालाही वाव आहे. या पट्ट्यात तर वेगळीच गरज आहे. फसवणूक कशी होते, खात्यातून पैसे गेल्यास काय करावे, ही माहिती सोप्या मराठीत आणि वारली बोलीत फारच कमी मिळते.

कर्जात अडकणे म्हणजे काय, हे या भागाला परके नाही. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी सावकाराकडे राबणारे ‘लग्नगडी’ येथेच होते. त्या प्रथेविरुद्ध आणि वेठीविरुद्ध १९४५ मध्ये झरी येथे किसान सभेच्या झेंड्याखाली हजारो वारली एकत्र आले होते. आज ॲपवर हरलेली रक्कम भरून काढण्यासाठी झटपट कर्जाचे दुसरे ॲप उघडणारा माणूस बहुधा त्याच गावात, लेखकाच्याच ओळखीचा असतो.

काम स्वीकारण्यापूर्वी काय तपासावे?

कंपनीचे पूर्ण नाव, भारतातील पत्ता आणि लेखी करार मागावा. मोबदला वाचकाने भरलेल्या किंवा गमावलेल्या पैशांवर ठरत असेल, तर काम नाकारावे. मजकुरात लिंक, कोड किंवा बोनसचा उल्लेख घालण्याची सक्ती असेल, तर तो मजकूर जाहिरात समजावा. मोबदला दरवेळी वेगळ्याच व्यक्तीच्या यूपीआयवरून येत असेल, तर सावध व्हावे. फसवणुकीचा पैसा आल्याची तक्रार झाल्यास घेणाऱ्याचे खातेही गोठवले जाऊ शकते. आपले बँक खाते किंवा सिमकार्ड दुसऱ्याला वापरायला कधीही देऊ नये.

असे काम आधीच केले असेल, तर ते थांबवून करार, संदेश आणि पैशांच्या नोंदी जपून ठेवाव्यात आणि वकिलाचा सल्ला घ्यावा. आर्थिक फसवणूक झाली असल्यास १९३० या सायबर मदत क्रमांकावर तातडीने तक्रार करता येते. जुगाराची सवय सुटत नसेल, तर ‘टेली मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर समुपदेशन विनामूल्य मिळते.