पॅकेटं गळतात कुठे?

दहा गिगाबिटच्या तारेवर इथरनेटला चालतात तेवढी लहान, म्हणजे 64 बाइटची पॅकेटं सलग यायला लागली, तर सेकंदाला 1 कोटी 48 लाख 80 हजार होतात. एकेकाच्या वाट्याला 67.2 नॅनोसेकंद. तीन गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरला तेवढ्यात दोनशे ठोके मिळतात, आणि हवी ती गोष्ट कॅशमध्ये नसली तर ती मेमरीतून आणण्यातच ऐंशी-शंभर नॅनोसेकंद जातात. हा हिशोब मांडला की साध्या सर्व्हरला ही सगळी पॅकेटं पकडून ठेवणं झेपणार नाही असंच कुणालाही वाटेल. 2000 नंतरची काही वर्षं बहुतेकांना तसं वाटतही होतं, आणि त्यावर खास यंत्रांचा महागडा धंदा उभा होता. आज जुना, वापरलेला सर्व्हर आणि बाजारातलं नेहमीचं नेटवर्क कार्ड हे काम करतात. मधल्या काळात प्रोसेसरच्या एकेका कोअरचा वेग तीन गिगाहर्ट्झच्या आसपासच घुटमळत राहिला. यंत्र स्वस्त झालं ते त्याच्यावरची कामं एकेक करून काढून घेतल्यामुळे.

पहिलं काम काढलं बर्कलीत. त्याआधी 1986 साली तारेवरची पॅकेटं पकडून दाखवणारा नेटवर्क जनरल कंपनीचा ‘स्निफर’ आला होता. सूटकेसएवढ्या कॉम्पॅक संगणकात बसवलेला आणि चांगलाच महाग. पुढे लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत व्हॅन जेकबसन, क्रेग लेरेस आणि स्टीव्हन मॅक्कॅन यांनी तेच काम करणारं टीसीपीडंप लिहिलं, ते फुकट. त्याच्या पोटातली खरी कल्पना मॅक्कॅन आणि जेकबसन यांनी 1993 च्या युझेनिक्स परिषदेत मांडली: बीपीएफ, म्हणजे बीएसडी पॅकेट फिल्टर. नको असलेलं पॅकेट कर्नलमध्येच ओळखून तिथेच सोडून द्यायचं, प्रोग्रामपर्यंत त्याची प्रत न्यायचीच नाही. सन कंपनीच्या तेव्हाच्या सोयीपेक्षा हे शंभर पटींपर्यंत वेगवान निघालं. टीसीपीडंपमधूनच पॅकेटं पकडण्याचा भाग लिबपीकॅप या नावाने वेगळा काढला गेला. 1998 साली कॅन्सस सिटीत जेराल्ड कोम्ब्स यांनी बाहेर काढलेलं, आता वायरशार्क म्हणून ओळखलं जाणारं अवजारही त्याच्याच आधारावर पकडतं.

तारेचा वेग मात्र थांबला नाही. 1995 ला शंभर मेगाबिट, 1998 ला एक गिगाबिट, 2002 ला दहा. आता नवीनच दुखणं पुढे आलं. पॅकेट आलं की कार्ड इंटरप्ट देतं, प्रोसेसर हातातलं काम टाकून धावतो. दारावरची घंटा थांबेचना, म्हणून दार उघडण्यातच दिवस गेला आणि पाहुण्याला पाणी द्यायचं राहूनच गेलं, तशी त्याची गत व्हायची. जेफ्री मोगल आणि के. के. रामकृष्णन यांनी 1996 साली या अवस्थेवर निबंध लिहिला. यंत्र पूर्ण क्षमतेने राबतंय आणि हाती पॅकेट एकही लागत नाही, असा तो प्रकार. उपाय त्यांनीच सुचवला: गर्दी वाढली की घंटा बंद करायची आणि आपणच अधूनमधून जाऊन बघायचं. लिनक्समध्ये तो पुढे ‘नापी’ या नावाने आला.

न्यूझीलंडमधल्या वायकाटो विद्यापीठाने याच काळात वेगळी वाट धरली होती. त्यांचं ‘डॅग’ कार्ड प्रोसेसरला न विचारता पॅकेटं थेट मेमरीत ठेवायचं, आणि प्रत्येकावर आलेल्या क्षणाचा शिक्का मारायचं. घड्याळ हवं तर जीपीएसला जुळवता यायचं. त्यातून 2001 मध्ये एंडेस ही कंपनी निघाली. कार्ड उत्तमच, पण कॉलेजच्या प्रयोगशाळेने किंवा छोट्या सेवादाराने विकत घ्यावं असं नव्हे. शिवाय त्या शिक्क्याच्या बाबतीत साध्या कार्डांनी बराच काळ त्याची बरोबरी केली नाही. इंटेलचं 82599 हे स्वस्त यंत्रांचं लाडकं दहा गिगाबिट कंट्रोलर. ते फक्त घड्याळ जुळवणाऱ्या पीटीपी पॅकेटांवर शिक्का मारतं, बाकीच्यांची वेळ सॉफ्टवेअरने लावायची. स्वस्ताईची ही किंमत जाहिरातीत सापडत नाही.

स्वस्त यंत्राची दोन मोठी वळणं पिसाची आहेत, त्या कललेल्या मनोऱ्याच्या गावची. लुका डेरी यांनी 2004 साली पीएफ-रिंगची कल्पना मांडली: प्रोग्राम आणि कर्नल यांनी मेमरीतलं एकच कडं वाटून घ्यायचं. पिसा विद्यापीठातल्या लुइजी रिझ्झो यांनी 2012 मध्ये नेटमॅप मांडताना आधी खर्चच मोजला. फ्रीबीएसडीत एक पॅकेट पाठवायला नेहमीच्या वाटेने जवळपास 950 नॅनोसेकंद लागत होते. त्यातून दर पॅकेटला जागा मागणं, प्रत काढणं, कर्नलला हाक मारणं वगळत गेलं, की 900 मेगाहर्ट्झवर चालणारा एकच कोअर दहा गिगाबिटची तार पूर्ण भरतो. सुरुवातीचे दोनशे ठोके आठवा. त्यांनी साठातच भागवलं होतं. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सर्वात देखणा निबंध हाच. याच कामासाठीचं इंटेलचं डीपीडीके जास्त गाजलं, पण ते एक-दोन कोअर कायमचे अडकवून ठेवतं. लिनक्सने 2016 मध्ये याच कामासाठी एक्सडीपी आणलं, आणि त्याच्या मुळाशी पुन्हा बर्कलीच्या बीपीएफचाच वाढवलेला अवतार होता.

पॅकेटं पकडणं जमल्यावर ती ठेवण्यासाठी सगळे डिस्ककडे वळले. दहा गिगाबिट म्हणजे सेकंदाला सव्वा गिगाबाइट, तासाला साडेचार टेराबाइट, दिवसाला 108. घरगुती एनव्हीएमई डिस्क एवढ्या वेगाने लिहू शकते, निदान पहिली काही मिनिटं. आतली जलद जागा भरली की वेग कोसळतो. आयुष्याचं गणित तर आणखी वाईट आहे. एक टेराबाइटच्या अशा डिस्कची लिखाणाची हमी साधारण 600 टेराबाइट असते, म्हणजे भरलेल्या तारेवर सहा दिवससुद्धा नाही. म्हणून फिरत्या डिस्का अजूनही हटल्या नाहीत. एकटी डिस्क सेकंदाला दीडशे-दोनशे मेगाबाइट लिहिते आणि आतल्या कड्यांवर गेली की निम्म्यावर येते. डझनभर डिस्का शेजारी लावून, मोठ्या फाइली आधीच आखून, सलग लिहिलं की काम भागतं. मध्ये कुणी त्याच डिस्कांवर जुनं काही शोधायला बसलं, की गळती सुरू.

त्यापेक्षा लिहायचंच कमी केलं तर? 2005 मध्ये बर्कली आणि म्युनिकच्या मंडळींनी ‘टाइम मशीन’ मांडलं. नेटवर्कवरचा बहुतेक भार थोड्याशा अजस्र जोडण्यांचा असतो, आणि तपासात लागतं ते बहुधा जोडणीच्या तोंडाशी असतं. मग प्रत्येक जोडणीचे पहिले दहा-वीस किलोबाइट ठेवायचे, शेपूट टाकायचं. नव्वद टक्क्यांहून जास्त ओझं उतरलं आणि तासांच्या जागी दिवसांची साठवण हाती आली. तेव्हा ही तडजोड वाटली असेल. 2015 नंतर लेट्स एन्क्रिप्ट या सेवेमुळे संकेतस्थळांची प्रमाणपत्रं फुकट झाली, एचटीटीपीएसचं कूटलेखन सगळीकडे पसरलं, आणि शेपटात वाचण्यासारखं फारसं उरलंच नाही. कोण कुणाशी, कधी, किती बोललं एवढं कळतं, आणि ते तोंडाच्या पॅकेटांत आणि मोजणीत मिळतं.

इतकं जमल्यावर यंत्र छातीठोकपणे सांगतं, गळती शून्य. त्यावर लगेच विश्वास ठेवू नये. स्विचच्या मिरर पोर्टवरून पॅकेटं घेत असाल तर दहा गिगाबिटच्या तारेच्या दोन्ही दिशा मिळून वीस गिगाबिट एका दहाच्या पोर्टात कोंबले जातात. जास्तीचं स्विच टाकून देतो आणि पकडणाऱ्या यंत्राला त्याचा पत्ताही नसतो, कारण त्याच्या कार्डापर्यंत ते आलेलंच नसतं. शहाणी माणसं म्हणून फायबरवर काचेचा स्प्लिटर बसवतात. त्याला वीज लागत नाही, तो फक्त उजेड वाटून देतो, प्रत्येक दिशेचा वेगळ्या धाग्यावर. कार्ड दोन पोर्टांचं घ्यावं लागतं.